कबरस्तानाची सफाई

कबरस्तान साफ झाले, असे आता गावोगाव अभिमानाने सांगितले जाते. आमदार निधीतून भिंत झाली, कमान झाली, कमानीवर निधी देणाऱ्याचे नाव लागले, आत पेव्हर ब्लॉक बसले, चारही कोपऱ्यांत हायमास्ट दिवे उभे राहिले. उद्घाटनाला मंडप पडला, भाषणे झाली, बिर्याणी झाली. साफ झाले म्हणजे नेमके काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्ही विचारतो. बोरी गेल्या, मेंदीचे कुंपण गेले, घायपात उपटली गेली, कडुनिंब आणि करंज बुंध्यापासून कापले गेले, उरलेल्या गवतावर तणनाशक मारले गेले. ज्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या नांगर शिरला नव्हता, ती दोन दिवसांत जेसीबीने एस.टी. स्टँडसारखी सपाट केली. आणि समाजाने टाळ्या वाजवल्या.

आम्ही म्हणजे कोणी संस्था नव्हे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहणारे आम्ही पाच जण आहोत. दोन शाळामास्तर, एक टेलर, एक एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक आणि कॉलेजात शिकणारा एक मुलगा. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत दर रविवारी फजरची नमाज झाली की आम्ही आमच्या कबरस्तानात जातो. आधी आपापल्या माणसांच्या कबरींवर फातिहा पढतो, मग पाखरे पाहतो. आमच्याकडे दोन दुर्बिणी आहेत, एक जुना कॅमेरा आहे आणि एक दोनशे पानी वही आहे. या गोष्टीला कोणी रिकामटेकडेपणा म्हटले तर आमची तक्रार नाही. पण याच गोष्टीवरून आम्हाला बेअदब म्हटले गेले, बिदअती म्हटले गेले, आणि ज्यांनी झाडे तोडली ते खिदमतगार ठरले. वाद आहे तो इथे.

आधी तिथे असते काय, ते सांगितले पाहिजे. कारण कमिटीतल्या बहुतेकांनी कबरस्तान फक्त जनाज्याच्या गर्दीत आणि शबे-बारातच्या रोषणाईत पाहिले आहे. पाऊस सरतो, गवत कमरेएवढे झालेले असते, त्याचे बी पिकू लागते. या बियांवर मुनियांचे थवे उतरतात. एका काडीवर तीन-तीन मुनिया बसतात, काडी वाकते, सगळ्या एकदम उडतात. सप्टेंबर संपता संपता ओढ्याच्या बाजूला करडा धोबी दिसतो, शेपूट खालीवर करीत चालणारा. हा हिमालयाकडून येतो. मग ऑक्टोबरात एके दिवशी एखाद्या कबरीच्या उशाच्या दगडावर काळा आणि विटकरी रंगाचा थिरथिरा येऊन बसतो. बसला की शेपूट अशी थरथरवतो की थंडी वाजतेय असे वाटावे. त्याला उंच झाड नको, दाट रान नको. पडकी भिंत, दगड, मोकळी जमीन आणि किडे असले की झाले. म्हणजे कबरस्तान त्याच्यासाठीच केले आहे म्हणा ना. आमचे कबर खोदणारे चाचा लिहायला-वाचायला शिकलेले नाहीत, पण थिरथिरा आला की ते फावडे टेकवून सांगतात, पाहुणा आला, आता पाऊस गेला समजा.

त्यानंतर दहा-अकरा ग्रॅम वजनाचा एक माशीमार येतो. नराच्या गळ्यावर नारिंगी ठिपका असतो. त्याची वीण होते पार पूर्व युरोपापर्यंतच्या जंगलांत, आणि हिवाळा काढायला तो आपल्याकडे येतो. आमच्या कबरस्तानातल्या कडुनिंबाखाली, सावलीत, जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर तो माश्या पकडत हिंडतो. हळद्या येतो तो चिंचेच्या शेंड्यावर. मान सापासारखी वळवणारा मानमोड्या एखाद्या वर्षी दिसतो, मुंग्यांच्या वारुळाशी. भोरड्यांचे थवे शेतातल्या ज्वारीवर जातात, शेतकरी त्यांना गोफणीने हाकलतो, मग त्या आमच्या वडावर येऊन बसतात आणि इतका कलकलाट करतात की जनाज्याच्या नमाजीत इमामसाहेबांना आवाज चढवावा लागतो. यांतली बहुतेक छोटी पाखरे रात्री उडत येतात, ताऱ्यांच्या अंदाजाने. म्हणूनच हायमास्टचा लखलखाट त्यांना चकवतो. मेलेल्या माणसाला दिवा लागत नाही. जिवंत माणूस रात्री दफन असेल तरच तिथे जातो. मग रात्रभर तो दिवा कोणासाठी जळतो?

आणि हुदहुद. डोक्यावर तुरा, अंगावर काळे-पांढरे पट्टे, लांब चोच जमिनीत खुपसत चालतो. आमच्याकडे तो मोकळ्या, मऊ मातीत दिसतो, म्हणजे ज्या बाजूला नव्या कबरी आहेत तिकडे. सूरे नमलमध्ये हजरत सुलेमान अलैहिस्सलामना सबाच्या राणीची खबर आणून देणारा पक्षी हाच, हे मदरशातल्या सात वर्षांच्या पोराला पाठ असते. अत्तारच्या ‘मंतिकुत्तैर’मध्ये सगळ्या पाखरांना सीमुर्गाच्या शोधात नेणारा म्होरक्याही हाच. पण आम्ही जुम्म्यानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर पोरांना विचारले, हुदहुद पाहिलाय का? एकानेही पाहिला नव्हता. तो तर दोनशे पावलांवर, भिंतीपलीकडे होता! आम्ही आमच्या मुलांना पाखराचे नाव शिकवले आणि पाखरू त्यांच्यापासून लपवले. यात कुठले दीन आणि कुठली तालीम आली?

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप असा की कबरस्तान ही इबरतीची जागा, तिथे शौक करू नये. कबरींची जियारत आखिरतची आठवण करून देते, हे आम्हालाही मान्य आहे. पण पाखरू पाहिल्याने ती आठवण पुसली जाते हे कोणी सांगितले? सूरे माइदा उघडा, एकतिसावी आयत. काबीलने भावाला मारले आणि प्रेताचे काय करावे ते त्याला कळेना. तेव्हा अल्लाहने कावळा पाठवला, त्याने जमीन उकरून दाखवली आणि माणूस दफन करायला शिकला. म्हणजे पहिली कबर माणसाला पाखराने शिकवली. ज्याच्याकडून आम्ही हे शिकलो त्यालाच आता कबरस्तानात मनाई? सूरे मुल्कमध्ये तर डोक्यावर पंख पसरणाऱ्या आणि मिटणाऱ्या पाखरांकडे पाहत नाही का, असा सवालच केलेला आहे. पाहणे हा शौक असेल तर तो कुराणाने लावलेला शौक आहे.

दुसरा आक्षेप झाडांचा. झाडांनी कबरी फाटतात, पाला पडतो, साप-विंचू होतात. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. रात्री दफन करायला जाणाऱ्या माणसाला वाट मोकळी हवी, पायाखाली दिसायला हवे, वजूला पाणी हवे, पावसात उभे राहायला शेड हवी. हे सगळे करा, आम्ही खांद्याला खांदा लावू. पण वाट साफ करणे वेगळे आणि पाच एकर सपाट करणे वेगळे. हजरत पैगंबरांनी दोन कबरींवर खजुराची ओली डहाळी खोचली आणि ती सुकेपर्यंत त्यांच्या अजाबात कमी होईल अशी उमेद व्यक्त केली, ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे, मुस्लिम शरीफमध्ये आहे. आपल्या आज्या-पणज्या कबरीवर सब्जा लावत, ते यामुळेच. खुलताबादला औरंगजेबाची कबर पाहा. बादशहाबद्दल कोणाचे मत काय असेल ते असो, त्या कबरीवर छत नाही, वर माती आहे आणि मातीत सब्जा आहे. भोवतीची संगमरवरी जाळी पुढे इंग्रजांच्या काळातली. आणि आमच्या तालुक्यात ज्यांनी आयुष्यभर पत्र्याच्या घरात दिवस काढले त्यांच्या कबरीला आता ग्रॅनाइट लागते. मय्यतीच्या गुस्लासाठी बोरीचा पाला लागतो, तो पाला आता बाजारातून पुडीत आणतात, कारण कबरस्तानातली बोर ‘साफ’ झाली.

झाड लावले आणि त्याचे फळ माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्ले तर लावणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, ही हदीस आम्ही प्रत्येक वृक्षारोपणाच्या तक्रीरीत ऐकतो. मग ज्या हाजींनी पन्नास वर्षांपूर्वी ती चिंच लावली त्यांचा चालू असलेला सवाब ठेकेदाराच्या करवतीने तोडण्याचा अधिकार कमिटीला कोणी दिला?

तिसरा आक्षेप फोटोचा. “मास्तर, फोटू नक्को हियां,” असे आम्हाला फाटकावर सांगण्यात आले. सांगणाऱ्याच्या मागे फाटकाला दहा बाय वीसचा फ्लेक्स होता, त्यावर कमिटीच्या एकोणीस जणांचे हसरे चेहरे होते. सजीवांच्या चित्राविषयी उलेमांमध्ये जो मतभेद आहे तो आम्हाला ठाऊक आहे आणि ज्यांना फोटो मुळीच मान्य नाही, जे स्वतःचाही काढू देत नाहीत, त्यांच्यापुढे आम्ही मान झुकवतो. पण स्वतःचा चेहरा चौकाचौकात टांगायचा आणि थिरथिऱ्याचा फोटो हराम म्हणायचा, ही कुठली शरीयत? जहांगीर बादशहाने सारसाची जोडी पाळली, त्यांना लैला-मजनू अशी नावे दिली आणि त्यांची वीण कशी होते ते आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले. त्याच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने सायबेरियन क्रौंचाचे चित्र काढले, ते युरोपातल्या शास्त्रज्ञांनी त्या पक्ष्याला नाव देण्याच्या शंभरावर वर्षे आधी. पाखरू निरखून पाहणे आणि त्याची तसबीर ठेवणे हा आमच्या घरातला जुना रिवाज आहे. तो साहेबाने शिकवलेला नाही.

‘हे श्रीमंतांचे, शिकलेल्यांचे खूळ’ असे म्हणणारे आमच्यातच जास्त आहेत. डॉ. सालिम अली हे नाव घेतले की ते लगेच म्हणतात, ते मुंबईचे, तय्यबजींच्या घराण्यातले, त्यांना परवडले. ठीक आहे. १२ नोव्हेंबर १८९६ ला जन्मलेला हा मुलगा लहानपणीच आईबापाविना झाला आणि मामांच्या घरी वाढला. छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हे पाखरू मुसलमानाला खायला चालेल की नाही, अशी शंका त्या पोराला आली, आणि मामा अमिरुद्दीन यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवले. एका हलाल-हरामच्या सवालातून या देशाचे पक्षीशास्त्र उभे राहिले, असे म्हटले तर फार चुकणार नाही. पुढे याच माणसाला नोकरी नव्हती तेव्हा तो अलिबागजवळ किहीमला राहिला आणि १९३० साली तिथल्या सुगरणींची वसाहत पाहत बसला. नर सुगरण अर्धी घरटी बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तर राहते, मग नर ते पुरे करून लगेच दुसऱ्या घरट्याला लागतो, हे त्याने नुसते धीराने बसून, पाहून लिहिले. त्यासाठी लागली ती बसण्याची तयारी. पैसा कुठे लागला?

आणि परवडण्याचीच गोष्ट असेल तर अली हुसेन यांचे नाव घ्या. बिहारमधल्या मीरशिकार जमातीतले, पिढीजात पाखरे पकडणारे. सालिम अलींच्या मंडळींनी त्यांना सोबत घेतले आणि ज्या हातांनी पाखरे बाजारात जात होती त्याच हातांनी पाखरांच्या पायांत कड्या घालून त्यांना परत सोडण्याचे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसाठी अनेक वर्षे झाले. हुमायून अब्दुलाली, जफर फतेहअली ही नावे तरी आमच्या किती उर्दू शाळांना माहीत आहेत? महाराष्ट्र शासनाने २०२० साली ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, बारा तारीख सालिम अलींच्या. चितमपल्ली मूळचे आमच्याच सोलापूरचे, जून २०२५ मध्ये गेले. त्यांनी आदिवासींकडून, पारध्यांकडून पाखरांची नावे गोळा करून पक्षीकोश केला. एका सोलापूरकराचा आणि एका मुसलमानाचा हा आठवडा. आमच्या तालुक्यातल्या एकाही उर्दू शाळेने तो साजरा केल्याचे आम्ही पाहिले नाही. जयंत्या-मयंत्यांचे राजकारण करायला आमच्याकडे वेळ आहे, आणि ज्याने आमच्या नावाला जगात इज्जत दिली त्याची तारीखही आम्हाला माहीत नाही.

बाहेरचाही एक त्रास आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. आमच्यातल्या कॉलेजच्या मुलाला कबरस्तानाबाहेर ओढ्याच्या पुलावर गाडी थांबवून विचारण्यात आले, दाढी ठेवून दुर्बीण कशाला लागते? कॅमेऱ्यात काय आहे? तो खंड्याचा फोटो दाखवत राहिला, आणि विचारणारा त्याच्या आधारकार्डाकडे पाहत राहिला. त्याच पुलावर पुण्याहून आलेली मंडळी हातभर लेन्स लावून उभी असतात, त्यांना कोणी नाव विचारत नाही. त्या मुलाने त्यानंतर तीन रविवार तोंड दाखवले नाही. शेवटी वाहकचाचा त्याच्या घरी गेले आणि त्याच्या अम्मीची परवानगी काढून त्याला परत घेऊन आले. बाहेर ही गत आहे, म्हणून निदान आमच्या स्वतःच्या भिंतीच्या आत तरी आमच्या पोराला आकाशाकडे पाहू द्या, इतके मागणे जास्त आहे काय?

अमेरिकेत केंब्रिज शहराजवळ माउंट ऑबर्न नावाचे कबरस्तान आहे, १८३१ साली बागायत संस्थेच्या मदतीने झाडांसकट वसवलेले. तिथे वसंतात आणि पानगळीत पक्षी पाहायला माणसे लांबून येतात. विल्यम ब्रूस्टर हा तिथला मोठा पक्षीतज्ज्ञ, त्याला दफनही तिथेच केले आहे. न्यूयॉर्कच्या ग्रीनवुड कबरस्तानाच्या कमानीवर पोपटांनी घरटी केली आहेत आणि कमान ‘साफ’ करण्याऐवजी लोक ती पाहायला येतात. इतक्या लांब तरी कशाला जायचे? दिल्लीची लोदी बाग म्हणजे काय? मुहम्मदशहा सय्यद आणि सिकंदर लोदी यांच्या मकबऱ्यांभोवतीची झाडी. सकाळी दिल्लीकर तिथे गळ्यात दुर्बिणी अडकवून हिंडतात. सुलतानांच्या कबरींपाशी जे चालते ते आमच्या गरीब मोमिनांच्या कबरींपाशी बेअदबी कसे होते?

इथवर वाचून फोटोवाली मंडळी खूश झाली असतील, तर त्यांनाही दोन शब्द. बेअदबी होत नाही असे नाही, ती होते आणि ती तुम्ही करता. गेल्या दोन-तीन वर्षांत शहरातून गाड्या भरून येणारे ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर’ आम्ही पाहिले. अँगलसाठी कुणाच्या तरी आजीच्या कबरीवर बूट घालून चढणे, मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला फसवून बोलावणे, किडे टाकून आमिष दाखवणे, ढोलीतल्या पिंगळ्याच्या डोळ्यांत फ्लॅश मारणे, आणि मग घरट्याचा नेमका पत्ता जगभर जाहीर करणे. हजार मैलांवरून थकून आलेल्या माशीमाराला तुमच्या मोबाइलमधला खोटा नर दिवसभर नाचवत ठेवतो, त्याचे खाणे राहते. एवढे करून तो फोटो कितीही चांगला आला तरी आम्ही त्याला चांगला म्हणणार नाही. यात आमची मुसलमान पोरेही आहेत. कबरस्तानात चपला वाटेवरच ठेवाव्यात, कबरींमधून नव्हे तर वाटेवरून चालावे, जनाजा आला की कॅमेरा पिशवीत घालून सफेत उभे राहावे, रडणाऱ्या माणसाकडे लेन्स वळवू नये. मुसलमानेतर भाऊ आले तर त्यांना हे आधी सांगावे. आम्ही सांगतो, ते ऐकतात. न ऐकणारे आमचेच निघतात.

पिंगळ्याचा विषय निघाला आहे, तर घुबडांबद्दल बोललेच पाहिजे, कारण सफाईच्या मागे ती भीती लपलेली असते. घुबड बोलले की मय्यत होते, कबरस्तानातला पिंगळा म्हणजे रूह, असे आमच्या मोहल्ल्यातही म्हणतात. झाड तोडायला हे कारण पुरते. जाहिलियतच्या काळात अरब मानत की खून झालेल्याची रूह घुबड होऊन बदला मागत ओरडते. हजरत पैगंबरांनी स्पष्ट सांगून टाकले की घुबडाचा असा अपशकुन काही नसतो. चौदाशे वर्षे झाली. दिवाळीच्या अमावस्येला जादूटोण्यासाठी घुबडे पकडून विकली जातात, आणि या व्यापारावरचा २०१० सालचा अहवाल ‘ट्रॅफिक’ या संस्थेसाठी अबरार अहमद या पक्षीतज्ज्ञाने तयार केला होता. म्हणजे दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस कबरस्तानाच्या ढोल्यांवर नजर ठेवणे हे काम आमच्या माणसांचे आहे. अबू दाऊदच्या संग्रहात चार जीव मारण्यास मनाई केलेली हदीस आहे. मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि सुरद. सुरद म्हणजे आपला खाटीक पक्षी, जो बाभळीच्या काट्यावर टोळ टोचून ठेवतो. आमच्या कबरस्तानात हे चारही आहेत. चौघांवर तणनाशक मारले जाते.

कायद्याचेही बघा. नगरपालिका हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र झाडे संरक्षण कायद्याने परवानगी लागते, कबरस्तान त्यातून सुटलेले नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित पाखराचे घरटे, अंडी यांची नासधूस करणे ही शिकारच धरली आहे. हे आम्ही कमिटीला सांगितले तेव्हा उत्तर मिळाले की ही वक्फची जमीन आहे, बाहेरचा कायदा आत आणू नका. २०२५ साली वक्फ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा आपण सभा घेतल्या, निवेदने दिली, जुने कागद शोधले, एकेक गुंठा मोजला. बरोबर केले. पण त्या गुंठ्यांवरच्या झाडांची मोजणी कुठल्या मुतवल्लीने केली? वक्फ अल्लाहच्या नावाने असतो. मुतवल्ली फक्त राखणदार असतो. राखणदाराने लाकूड विकावे, आणि विकलेल्या लाकडाचा हिशेब जमातीसमोर येऊ नये, हे बाहेरच्याने केले असते तर आपण मोर्चा काढला असता.

गवत कधी कापावे, एवढा साधा प्रश्न आहे. बी पिकून गळेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर संपेपर्यंत, वाटा आणि नव्या कबरी सोडून बाकीचे गवत राहू द्या. डिसेंबरात कापा, गुरांच्या चाऱ्याला विका, पैसे कमिटीत जमा करा. सध्या हे सोपे आहे, कारण सफाईची खरी घाई शबे-बारातसाठी असते आणि ती २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या सुरुवातीला आली. पण चांद्रवर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते. २००० साली शबे-बारात नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती, आणि २०३२-३३ च्या सुमारास ती पुन्हा नोव्हेंबरात येईल, नेमकी पक्षी सप्ताहाच्या आगेमागे. तोवर रीत पडली नाही तर तणनाशकाची फवारणी आणि हिमालयावरून आलेली पाखरे एकाच दिवशी एकाच जागी असतील. दिव्यांना बटण बसवा, दफन झाले की बंद करा. मेंदीचे कुंपण पुन्हा लावा. त्याला भिंतीपेक्षा पैसे कमी लागतात, म्हणूनच बहुधा ते कोणाला सुचत नाही.

मुलींबद्दल एक बोलायचे राहते. आमच्या गावात बायकांना कबरस्तानात जाऊ देत नाहीत. त्यावर उलेमांचे म्हणणे वेगवेगळे आहे, तो वाद इथे नको. पण कबरस्तानाला लागून असलेल्या शाळेच्या गच्चीवर आठवीच्या सहा मुली आणि आमच्यातली एक दुर्बीण, असा प्रयोग गेल्या ऑक्टोबरात केला. पहिल्या तासाभरात त्यांनी एकोणीस जाती टिपल्या. आमच्या वहीत त्या सकाळी सोळा होत्या. उंचावरून शेंडे दिसतात, हे आम्हाला त्यांनी शिकवले. त्यातल्या एकीने विचारले, सर, माझे दादाजी त्या कोपऱ्यात आहेत ना, तिथे जो निळा पक्षी बसलाय तो कोणता? तो नीलपंख होता. ती पोर आजोबांच्या कबरीपाशी कधी गेलेली नाही. त्या दिवशी तिने तो कोपरा दुर्बिणीतून बराच वेळ पाहिला.

कमिटीची बैठक या महिन्याच्या शेवटच्या जुम्म्याला, असर नंतर आहे. उत्तरेच्या भिंतीलगतच्या अकरा झाडांवर ठेकेदाराने लाल रंगाने आकडे टाकले आहेत. सात नंबर ती हाजींची चिंच, तिच्या दुसऱ्या फांदीच्या बेचक्यात पिंगळ्याची ढोली आहे. आम्ही निवेदन लिहिले आहे, त्यावर एकशे बारा सह्या झाल्या आहेत, त्यांत कबर खोदणाऱ्या चाचांचा अंगठा पहिला आहे. सदरसाहेबांनी निवेदन घेतले, वाचले नाही, खिशात ठेवले. बैठकीला आम्ही पाचही जण जाणार आहोत आणि वही सोबत नेणार आहोत.